शालेय निबंधातील परिसर, गाव आणि संशोधक प्रवासी

‘बालसाहित्य’ ही संज्ञा आपल्या समीक्षेत मोठ्यांनी मुलांसाठी लिहिलेल्या वाङ्मयापुरतीच रूढ झालेली आहे. मुलांनी स्वतः लिहिलेला मजकूर आपण अध्यापनशास्त्राकडे सोपवून मोकळे होतो. वह्या तपासल्या जातात, गुण दिले जातात आणि उन्हाळ्याच्या सुटीत त्या रद्दीत जातात. तथापि, लेखन म्हणून परीक्षा करावी असे त्यांत काही असते काय, आणि नसल्यास ते का नसते, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकाचाही आहे. परिसर, आपले गाव आणि थोर संशोधक प्रवासी हे तीन विषय मुलांना वारंवार दिले जातात. त्यांच्या अनुषंगाने या प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

मराठी शाळेतील ‘माझे गाव’ हा निबंध ज्याने चारपाच वेळा वाचला असेल त्याला ते गाव पाठ झालेले असते. गावाभोवती हिरवेगार डोंगर असतात, नदी खळखळ वाहत असते आणि लोक गुण्यागोविंदाने नांदत असतात. लिहिणारा मुलगा गिरणगावातील चाळीत राहत असो वा ज्याच्या गावची नदी पौषातच आटते अशा दुष्काळी खेड्यात, नदी खळखळतेच. पर्यावरणाचेही तसेच झाले. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली पर्यावरण हा शिक्षणाचा आवश्यक विषय ठरविला व पुढे २००३ साली त्या आदेशाच्या अंमलबजावणीचा पाठपुरावा केला. हेतू स्तुत्यच होता. पण त्यातून जी ‘प्रकल्पवही’ निपजली तिच्यात प्रदूषणाचे प्रकार असतात, ओझोनचा थर असतो, शेवटी वृक्षारोपणाचा उपदेश असतो. घरासमोरचे तुंबलेले गटार मात्र नसते. अशा वह्यांचे तयार नमुने बाजारात विकत मिळतात, यात नवल ते काय? मुलगा खोटे बोलतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. निबंध म्हणजे जेथे असेच लिहावयाचे असते ती जागा, एवढे तो आपल्याकडूनच शिकलेला आहे.

याउलट काय घडू शकते याचा पहिला मोठा दाखला टॉलस्टॉयचा. १८६२ साली यास्नाया पोल्याना येथील आपल्या शाळेतील शेतकऱ्यांच्या मुलांबरोबर त्याने एका म्हणीवरून गोष्ट रचावयास घेतली. त्या गोष्टीत शेजारचा एक माणूस हिवाळ्याच्या संध्याकाळी घरी येतो. तो बायकी कोट घालून आला, असे फेद्का नावाच्या मुलाने सुचविले. बायकीच का, असे विचारता, तसेच शोभते, एवढेच त्याचे उत्तर! टॉलस्टॉयच्या ध्यानात आले की, या एका तपशिलात त्या माणसाची किरकोळ अंगलट, हाताला येईल ते अंगावर टाकण्याची घरगुती रीत आणि साऱ्या खेड्याची संध्याकाळ सामावलेली आहे. या आनंदाच्या भरात त्याने फेद्काला ग्येटेच्याही वर नेऊन बसविले. ती अतिशयोक्ती आपण सोडून द्यावी; तपशील सोडू नये. या गोष्टीची पहिली पाने मुलांनीच चुरगाळून, त्यांची खेळणी करून जाळून टाकली. मुलांच्या लेखनाचा अभ्यास करू पाहणाऱ्याला साधने कां सापडत नाहीत, याचे हे मासलेवाईक उत्तर होय.

परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचा प्रयोग सेलेस्तँ फ्रेने या फ्रेंच शिक्षकाचा आहे. पहिल्या महायुद्धात फुप्फुसाला जखम झाल्यामुळे वर्गात फार वेळ बोलणे त्याला जमत नसे. १९२० पासून तो दक्षिण फ्रान्समधील बार-सुर-लू या डोंगरी गावात शिकवू लागला. मुलांना घेऊन तो शेतांतून, कारागिरांच्या दुकानांतून हिंडे आणि परत आल्यावर पाहिलेले फळ्यावर लिहिले जाई. १९२४ च्या सुमारास त्याने एक लहानसे मुद्रणयंत्र वर्गात आणले. खिळे मुलांनीच जुळवावयाचे, मुलांनीच छापावयाचे. पुढे १९२६ मध्ये ब्रिटनीच्या किनाऱ्यावरील त्रेगँक येथील शाळेशी या छापील पानांची नियमित देवघेव सुरू झाली.

माझ्या मते या प्रयोगाचे मर्म यंत्रात नसून या देवघेवीत आहे. ज्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही त्यांना समुद्रकाठची मुले लिहीत होती. ज्यांना डोंगर ठाऊक नाही त्यांना डोंगरातली. वाचणाऱ्याला हे माहीत नाही, म्हणून ते सांगितले पाहिजे, अशी निकड तेथे निर्माण झाली. आपल्या निबंधाचा वाचक असतो परीक्षक. आणि त्याला सारेच आधी ठाऊक असते! ज्याला ठाऊक आहे त्याला सांगावयाचे तर ठाऊक असलेलेच शब्द वापरणे हा मुलाचा व्यवहारी शहाणपणाच म्हणावयास हवा.

फ्रेनेच्या वर्गातील मजकूर फळ्यावर सर्वांच्या मदतीने सुधारून मगच छापला जाई. तेव्हा तो कितपत त्या मुलाचा, ही शंका रास्त आहे आणि तिचे पूर्ण निरसन होत नाही. पण तपासनिसाच्या लाल शाईखालील आपला निबंध तरी कोणाचा असतो?

गावाविषयी खरे लिहिण्याला किंमत पडते, हेही येथे नोंदविले पाहिजे. फ्रेने १९२८ मध्ये सँ-पोल या गावी गेला. शालेय साहित्य फुकट देण्यास नकार देणाऱ्या महापौराविरुद्ध मुलांनी बंड केले आणि आपण त्याला ठार केले, असे स्वप्न तेथील एका मुलाने लिहिले. १९३२ च्या अखेरीस ते स्वप्न विरोधकांनी गावच्या भिंतींवर पत्रके लावून प्रसिद्ध केले आणि त्यातून उठलेल्या वादळात फ्रेनेला ती शाळा सोडावी लागली. १९३५ मध्ये त्याने व्हाँस येथे स्वतःची शाळा काढली. गुण्यागोविंदाने नांदणारे गाव लिहिण्यात असा कोणताच धोका नसतो. आपल्या निबंधातील गाव इतके सुखी का, याचे एक कारण येथे सापडते.

आता संशोधक प्रवाशांकडे वळू. हा विषय पहिल्या दोहोंहून दूरचा, म्हणून त्यावरील लेखन अधिकच उसने. कोलंबस १४९२, वास्को-द-गामा १४९८, मग धैर्य, चिकाटी इत्यादी गुण आणि शेवटी आपणही तसे व्हावे. वास्को-द-गामा कालिकतच्या किनाऱ्याला लागला तेव्हा त्या किनाऱ्यावर माणसे, बाजार, राजा सारे होते. मग तेथे ‘शोध’ कोणाचा लागला, असा प्रश्न मुलाला पडण्यास निबंधाच्या साच्यात जागाच नाही.

तेथे एखाद्या वर्षी नैनसिंग रावत हा विषय देऊन पाहावा. कुमाऊँमधील मिलम येथील हा शाळामास्तर डेहराडूनला मोजणी शिकला, १८६५ साली काठमांडूहून निघाला आणि १८६६ च्या जानेवारीत ल्हासाला पोहोचला. तिबेटात परक्याला बंदी असल्यामुळे त्याने यात्रेकरूचा वेष घेतला. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी ठेवले होते. दर शंभर पावलांना एक मणी सरकवावयाचा. माळ पुरी झाली की दहा हजार पावले, म्हणजे सुमारे पाच मैल. टिपणांचे कागद प्रार्थनाचक्रात दडविलेले, उंचीचा अंदाज पाणी किती उष्णतेला उकळते त्यावरून. १८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्याला सुवर्णपदक दिले. या माणसाचे धैर्य वर्णावयाची गरजच नाही. ते मण्यांत आहे.

आणि मणी मोजणे मुलाला शक्य आहे. घरापासून शाळेपर्यंत शंभराच्या किती माळा होतात, वाटेत कोणाचे परसू लागते, नळावर रांग कोठवर येते, ओढ्याला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत असते, हे त्याने मोजून दुसऱ्या गावच्या मुलाला लिहिले, तर परिसर, गाव आणि संशोधक हे तिन्ही विषय एकाच पानावर येतात. तेथे तो संशोधकाविषयी लिहीत नाही, संशोधकाच्या जागी उभा राहून लिहितो. अर्थात त्या पानात ना सुविचार असेल, ना समारोप; आणि प्रचलित गुणदानाप्रमाणे त्याचे दोन-तीन गुण खास कापले जातील.