कॅलेचे सहा नागरिक

अकरा महिन्यांच्या इंग्रजी वेढ्यानंतर १३४७ साली फ्रान्समधील कॅले शहर उपासमारीने शरण आले. गळ्यात दोर, हातात किल्ल्या घेऊन सहा प्रतिष्ठित नागरिक मरणाला सामोरे निघाले. (राणीच्या रदबदलीने ते वाचले, ही गोष्ट वेगळी.) रोदँने १८८९ मध्ये पूर्ण केलेल्या ब्राँझच्या शिल्पसमूहात प्रत्येकजण आपापल्या मरणाशी एकटा आहे. एकाने डोके दोन्ही हातांत गच्च धरले आहे. माझी नजर खिळते ती पायांवर. जमिनीतून उपटून पुढे टाकावेत इतके जड! यांत वीराचा आवेश नाही, अशी नगरसमितीची तक्रार होती. चौकाचौकांतले तलवार उपसलेले पुतळे पाहणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनाही तसेच वाटते. मला मात्र भीती न लपवणारे हे सहाजणच शूर वाटतात. रोदँला ते लोकांच्या बरोबरीने, जमिनीलगत हवे होते. १८९५ साली त्यांना उंच चौथऱ्यावर चढवले गेले. ते खाली उतरले १९२४ साली. रोदँ १९१७ मध्येच गेला होता.