कोऱ्या भिंतीआडचा मदन

डच चित्रकार व्हर्मीर याच्या एका चित्रात वरवर पाहता काहीच घडत नाही. उघड्या खिडकीपाशी एक तरुणी पत्र वाचीत उभी आहे, एवढेच. १६५७ ते १६५९ च्या सुमारास रंगविलेले हे चित्र जर्मनीतील ड्रेस्डेनच्या संग्रहालयात आहे. तिच्यामागची मोठी भिंत अगदी कोरी होती आणि त्या कोरेपणावरच रसिक लुब्ध होते. घरातली निःशब्दता, तरुणीचे एकटेपण... बिचाऱ्या भिंतीला काय काय बोलावे लागले!

१९७९ मध्ये क्ष-किरणांनी त्या रंगाखाली दडलेला मदन दाखविला. तरी भिंतीचे माहात्म्य उणावले नाही. व्हर्मीरनेच तो झाकला असणार, असे सर्वांनी धरून चालले. पुढे २०१७ साली चित्र दुरुस्तीला घेतले, तेव्हा मदन आणि वरचा रंग यांच्यामध्ये जुने व्हार्निश व मळ यांचे थर आढळले. चित्रकार १६७५ मध्ये वारला. त्यानंतर काही दशकांनी कुणा भलत्यानेच हा मदन बुजविला होता! सूक्ष्मदर्शकाखाली बारीक पात्याने तो रंग खरवडण्यात आला आणि २०२१ मध्ये मदन लोकांसमोर आला.

हा मदन धनुष्य घेऊन उभा आहे, पायाखाली मुखवटा आहे. मुखवटा म्हणजे ढोंग. खरी प्रीती त्याला तुडविते. तेव्हा पत्र प्रेमाचे आहे, हे आता मानायला हरकत नाही.

पण जाणकार तेवढ्यावर थांबत नाहीत. पुढच्या गालिच्यावर फळांचे तबक कलंडले आहे, एक फळ चिरलेले असून आतली बी दिसते. त्यातून तरुणीच्या चारित्र्याविषयी शंका काढल्या जातात. मला हे पटत नाही. चुरगळलेल्या गालिच्यावर तबक ठेवले की फळे घरंगळायचीच. भिंतीवरचा मदन चित्रकाराने हेतुपुरस्सर टांगलेला आहे; त्याच्या आधाराने घरातल्या प्रत्येक जिनसेला साक्षीला ओढणे, ही पुन्हा कोऱ्या भिंतीचीच गोष्ट झाली.

शिवाय मदनाने विषय सांगितला, मजकूर नव्हे. पत्र येणार आहे म्हणते की येत नाही म्हणते? तिच्या ओठांवरून काही कळत नाही. खिडकीच्या तावदानात तिचा चेहरा पुसटसा उमटला आहे. तिथे तरी कळेल म्हणून पाहावे, तर तोही पत्राकडेच झुकलेला.