‘राजा दीनदयाळ आणि पुत्र’ : छायाचित्रपेढीच्या इतिहासलेखनातील कर्तृत्वाचा प्रश्न

प्रस्तावना

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छायाचित्रण हे हौशी व्यक्तींच्या हातून व्यावसायिकांच्या हाती गेले. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रण संस्था स्थापन झाली आणि त्या दशकात डॉ. नारायण दाजी, हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे एतद्देशीय छायाचित्रकार पुढे आले. पुढील पिढीत या व्यवसायाला कौटुंबिक पेढीचे रूप देणाऱ्यांत लाला दीनदयाळ यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. त्यांच्यावरील लेखन विपुल आहे. परंतु त्यातील बरेचसे एका प्रतिभावंताच्या चरित्राच्या साच्यात बसविलेले आहे. पेढीचा इतिहास आणि व्यक्तीचे चरित्र यांत फरक न केल्यास पुराव्याचे वाचन कसे सदोष होते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात केली आहे.

पेढीची वाटचाल

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ मध्ये मेरठजवळील सरधना येथे झाला. रुरकी येथील थॉमसन महाविद्यालयात शिक्षण घेऊन ते इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीस लागले. छायाचित्रणाकडे ते १८७४ च्या सुमारास वळले. सर लेपेल ग्रिफिन यांच्या मध्य भारतातील स्मारकांवरील १८८६ च्या ग्रंथात त्यांची चित्रे आहेत. नोकरी सोडून त्यांनी सिकंदराबादला बस्तान बसविले. सहावे निजाम महबूब अली खान यांनी त्यांना १८९४ मध्ये ‘राजा’ हा किताब दिला. १८९६ मध्ये मुंबईत शाखा निघाली आणि १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीची सनद मिळाली. धाकटे पुत्र धरमचंद १९०४ मध्ये आणि दीनदयाळ स्वतः १९०५ मध्ये निवर्तले. त्यानंतर पेढीचा भार ज्ञानचंद यांच्याकडे आला.

नावामागची माणसे

क्लार्क वॉर्सविक यांच्या १९८० च्या ग्रंथाने दीनदयाळ यांना जागतिक वाचकांपुढे आणले, तर नरेंद्र ल्यूथर यांच्या २००३ च्या चरित्रपर ग्रंथाने त्यांना छायाचित्रकारांतील राजपुत्र ठरविले. या लेखनाचे ऋण मोठे आहे. तथापि, चित्रावर छापलेले नाव आणि कॅमेऱ्यामागे उभी असलेली व्यक्ती यांची सांगड त्यात सहजपणे घातली जाते. मुंबई व सिकंदराबाद येथे एकाच काळात चालणाऱ्या चित्रशाळांतील प्रत्येक चित्र एकाच व्यक्तीने घेतले असणे शक्य नाही. सिकंदराबादच्या पेढीने १८९२ मध्ये पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र जनाना चित्रशाळा काढली. तिची जबाबदारी श्रीमती केनी-लेव्हिक यांच्याकडे होती. पुरुषांना जेथे प्रवेशच नव्हता, तेथील चित्रांचे कर्तृत्व दीनदयाळ यांच्या खाती कसे जमा करावे?

हा प्रश्न केवळ एका पेढीचा नाही. सॅम्युअल बॉर्न १८७० च्या अखेरीस इंग्लंडला परतले. परंतु ‘बॉर्न अँड शेफर्ड’ हे नाव कोलकात्यात २०१६ पर्यंत टिकले. नाव ही व्यापारी मालमत्ता होती आणि ती वारसाने व विक्रीने हस्तांतरित होत असे. दीपाली दिवाण आणि डेबोरा हटन यांच्या २०१३ च्या ग्रंथाने दीनदयाळ यांच्याकडे पेढी म्हणून पाहण्याची दिशा ठळक केली, हे या अभ्यासातील महत्त्वाचे वळण होय.

तारखेचा पुरावा

अशा संशोधनात छायाचित्राची मागील बाजू पुढील बाजूइतकीच बोलकी असते. पुठ्ठ्यावर ‘राजा’ हा किताब असेल तर तो पुठ्ठा १८९४ पूर्वीचा नव्हे. मुंबईचा पत्ता असेल तर १८९६ पूर्वीचा नव्हे. राणीच्या सनदेचा उल्लेख असेल तर १८९७ पूर्वीचा नव्हे. मात्र ही तारीख पुठ्ठ्याची असते. काच जुनी आणि तिच्यावरून काढलेली प्रत नवी असू शकते. छापून ठेवलेले पुठ्ठे अनेक वर्षे वापरले जात. म्हणून काच, प्रत आणि पुठ्ठा या तिन्हींचा काळ स्वतंत्रपणे ठरविणे आवश्यक ठरते. इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने १९८९ मध्ये मिळविलेल्या या पेढीच्या २,८५७ काचांचे मोल याच दृष्टीने आहे.

दुष्काळाची चित्रे

मराठी अभ्यासकांना सर्वांत जवळचा भाग म्हणजे १८९९-१९०० च्या, अर्थात छप्पनच्या दुष्काळातील औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) परिसरातील मदतकार्याची चित्रे. हटन यांनी २००७ मधील निबंधात ती हैदराबाद संस्थानाच्या मदतकार्याच्या संदर्भात वाचली आहेत. ही चित्रे शासनाच्या कार्याची साक्ष देतात, आणि म्हणूनच ती दुष्काळाची संपूर्ण साक्ष मानता येत नाहीत. चित्रातील मराठवाड्याच्या माणसांना नावे नाहीत. नाव आहे ते पेढीचे. पेढीच्या दप्तरातून पेढीचाच इतिहास निघेल. या माणसांचा शोध घ्यावयाचा तर संस्थानी उर्दू दप्तरे आणि गावपातळीवरील मोडी कागदपत्रे यांच्याशी चित्रे पडताळून पाहावी लागतील. छायाचित्रणाचा इतिहासकार आणि मोडीचा जाणकार एकत्र आल्याखेरीज हे काम होणार नाही.

समारोप

मुख्य संग्रह दिल्लीत असला तरी या अभ्यासाचा आरंभ घराजवळ होऊ शकतो. नागपूरच्या मनीषनगरसारख्या वाढत्या वसाहतीत घर बदलताना जुने अल्बम अडगळ ठरतात. चित्र फाडून घेऊन पुठ्ठा फेकला जातो आणि त्याबरोबर चित्रशाळेचे नाव, पत्ता व काळही नाहीसा होतो. इतिहास, मराठी आणि ग्रंथालयशास्त्र या विभागांनी विद्यार्थ्यांकडून कौटुंबिक छायाचित्रांच्या दोन्ही बाजूंची, कुटुंबाच्या संमतीने, नोंद करून घेतल्यास विदर्भातील चित्रशाळांच्या इतिहासाला पहिला आधार मिळेल. दीनदयाळ यांचे मोठेपण त्यांच्या पुत्रांना, सहकाऱ्यांना आणि श्रीमती केनी-लेव्हिक यांना त्यांचे श्रेय दिल्याने उणावत नाही. इतक्या हातांना एका नावाखाली, एका दर्जाने काम करावयास लावणे, हेच त्यांचे खरे कर्तृत्व होते.