साहस आणि छंद : एका विद्यार्थिनीच्या निबंधाचे परीक्षण

पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांकडून त्यांच्या स्वतःच्या वाचनासंबंधी निबंध लिहवून घेण्याचा उपक्रम आमच्या विभागात चालू आहे. त्यात आलेल्या एका विद्यार्थिनीच्या निबंधाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. निबंधाचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात तिने लहानपणापासून वाचलेल्या साहसकादंबऱ्यांविषयी लिहिले आहे. दुसरा भाग टपालतिकिटे जमविणे आणि जुने नकाशे उतरवून काढणे या तिच्या दोन आवडत्या छंदांविषयी आहे. निबंध तपासणाऱ्या दोघा परीक्षकांपैकी एकाने हा विषयच गौण ठरविला आणि दुसरा भाग समूळ गाळावा अशी सूचना केली. कादंबरीवरील अभ्यासनिबंधात तिकिटांच्या वहीचे प्रयोजन काय, हा त्या सूचनेमागचा प्रश्न. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र निबंधातच आहे. आणि ते खुद्द लेखिकेच्याही पुरतेपणी ध्यानात आलेले दिसत नाही.

(१)

प्रथम निबंधाच्या भाषेकडे पाहू. निबंधाच्या दोन्ही भागांत दोन भिन्न भाषा आलटूनपालटून वावरतात. एक भाषा परीक्षेची. साहसकादंबऱ्यांच्या वाचनाने धाडसी वृत्ती वाढीस लागते, कल्पनाशक्तीचा विकास होतो, छंदांमुळे ज्ञानात भर पडते व फावल्या वेळाचा सदुपयोग होतो, अशी तिची वाक्ये. या वाक्यांना व्याकरणदृष्ट्या कर्ता आहे; परंतु तो कधी वृत्ती असतो, कधी शक्ती, कधी वेळाचा उपयोग. माणूस कोठेच नसतो. वाढणे, होणे, पडणे ही क्रियापदे आपोआप घडणाऱ्या गोष्टी सांगतात. शालेय निबंधलेखनाने पिढ्यान्‌पिढ्या घटविलेली ही भाषा असून, आवडीच्या गोष्टीविषयी लिहिताना ती गोष्ट आपल्याला का आवडते हे न सांगता ती उपयुक्त कशी आहे हे सिद्ध करावयाचे, असा तिचा अलिखित नियम आहे.

दुसरी भाषा लेखिकेची स्वतःची. तिकिटाच्या मागे उरलेला जुना कागद कोमट पाण्यात कसा सुटतो, चिमट्याने तिकीट उचलताना त्याच्या कडेच्या दातांना कसे जपावे लागते, नकाशावर पातळ कागद ठेवून नदी उतरवताना हात नेहमी उगमाकडून मुखाकडेच का जातो, हे ती सांगते तेव्हा वाक्ये आखूड होतात, नामे नेमकी होतात आणि वाक्यात 'मी' व 'मला' येऊ लागतात.

यातील 'मला' हे रूप विशेष लक्षणीय होय. मराठीत छंद 'लागतो'. तहान लागते, झोप लागते, ठेच लागते, तसाच छंद लागतो. आणि ज्याला तो लागतो ती व्यक्ती वाक्यात कर्ता म्हणून न येता 'ला' प्रत्यय घेऊन येते. याच्या उलट 'छंद जोपासणे' हा निबंधाच्या भाषेतील प्रयोग माणसाला कर्ता करतो व छंदाला कुंडीतले रोप करून ठेवतो. संस्कृतातील 'छन्द' या शब्दाचा इच्छा, आवड हा अर्थ मराठीने राखला. पण त्या आवडीवर माणसाची सत्ता चालत नाही ही जाणीवही त्यात मिसळली. 'छंदीफंदी' या शब्दातील निंदा त्याच जाणिवेतून आलेली आहे.

'साहस' या शब्दाचा प्रवास याहून बोधप्रद आहे. 'सहस्' म्हणजे बळ, आणि त्या बळाने केलेले ते साहस. धर्मशास्त्रात साहस हा गुण म्हणून येत नाही. मनुस्मृतीने सांगितलेल्या अठरा व्यवहारपदांत चोरीच्या शेजारी साहसाची गणना आहे, आणि दंडाच्या तीन पायऱ्यांनाही तेच नाव आहे : प्रथम साहस २५० पणांचे, मध्यम ५०० चे, उत्तम १,००० चे. आजही वडीलधारे माणूस 'नसते साहस करू नकोस' असे म्हणते तेव्हा हा जुना अर्थच बोलत असतो. 'साहसकथा' या समासात मात्र हा शब्द पूर्णपणे प्रशंसेचा झाला आहे. युरोपीय भाषांत या कथाप्रकाराला जे नाव आहे त्याचा उगम 'येऊन ठेपणे' या अर्थाच्या लॅटिन धातूत आहे. तेथे प्रसंग माणसावर येतो. आमच्याकडे साहस माणूस 'करतो'.

म्हणजे भाषेच्या साक्षीने पाहता छंद माणसाला लागतो आणि साहस माणूस करतो. निबंधाचे दोन भाग एकमेकांना जोडले कसे गेले आहेत, हा परीक्षकाचा प्रश्न या भेदाच्या प्रकाशात नीट दिसू लागतो.

(२)

साहसकादंबऱ्यांपर्यंत ही विद्यार्थिनी ज्या वाटेने आली ती तिच्या पिढीतील अनेकांची वाट आहे. २०१७ साली प्रदर्शित झालेला 'फास्टर फेणे' हा चित्रपट तिने पाहिला, त्यावरून भा. रा. भागवत (१९१०–२००१) यांची मूळ पुस्तके मिळवून वाचली, आणि भागवतांनीच ज्यूल व्हेर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणल्या आहेत हे कळल्यावर ती व्हेर्नकडे वळली. पुढे त्याची इंग्रजी भाषांतरेही तिने वाचली. फास्टर फेणेविषयी तिने लिहिलेली दोन पाने वाचनीय आहेत. बनेश फेणे हा मुलगा फुरसुंगीचा आहे, आणि फुरसुंगी हे पुण्याजवळचे खरेखुरे गाव आहे, या गोष्टीचे तिला वाटलेले नवल तिने मनापासून नोंदविले आहे. त्याच्या तोंडच्या 'ट्टॉक' या आवाजाकडेही तिचे लक्ष गेले आहे. जिभेने काढलेला हा आवाज मराठीच्या वर्णमालेत बसत नाही. तशाच एका आवाजापासून मराठीने 'चुकचुकणे' हे क्रियापद बनविले आहे. तेथे तो हळहळीचा असतो, तर भागवतांनी तो युक्ती सुचल्याच्या आनंदाला दिला. हे निरीक्षण पुरे करावयाचे सोडून तिने ते एका वाक्यात संपविले याचे वाईट वाटते.

निबंधाचा गाभा यानंतर येतो, आणि तो तिकिटांच्या भागात दडलेला आहे. तिच्या आजोबांच्या वहीत चरखारी संस्थानाचे एक तिकीट होते. चरखारी, ओरछा, दतिया, बिजावर या बुंदेलखंडातील संस्थानांनी स्वतःची टपालतिकिटे काढली होती, हे तिकिटे जमविणाऱ्यांना ठाऊक असते. व्हेर्नच्या १८७५ साली पूर्ण झालेल्या रहस्यमय बेटाच्या कादंबरीत कॅप्टन नेमो मरतेसमयी आपली ओळख सांगतो : तो बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कर, १८५७ च्या उठावात इंग्रजांविरुद्ध लढलेला. हे वाचताच लेखिकेला वहीतील तिकीट आठवले. तिने नकाशा काढला, चरखारीची जागा शोधली आणि मग इतिहासाचे पुस्तक उघडले. तेथे तिला आढळले ते असे, की चरखारीचा राजा १८५७ च्या धामधुमीत इंग्रजांच्या बाजूस राहिला होता, आणि १८५८ च्या प्रारंभी तात्या टोपे यांनी चरखारीला वेढा घालून ते शहर घेतले होते. कादंबरीतला बुंदेलखंड बंडखोर; वहीतला बुंदेलखंड इंग्रजांचा निष्ठावंत. ज्या तिकिटाकडे ती नेमोच्या देशाची खूण म्हणून पाहत होती ते नेमोच्या शत्रुपक्षाचे निघाले.

हा सर्व प्रकार तिने अवघ्या पाच-सहा ओळींत सांगितला आहे, आणि लगेच परिच्छेद संपवून छंदांमुळे ज्ञानात भर पडते हे वाक्य लिहिले आहे. वस्तुतः येथे ज्ञानात भर पडलेली नाही. असलेल्या समजुतीला तडा गेला आहे. या दोन घटना एक नव्हेत, आणि परीक्षेच्या भाषेत त्यांना एकच नाव आहे, हे त्या भाषेचे दारिद्र्य होय.

(३)

निबंधाची खरी उणीवही येथेच दाखविली पाहिजे. लेखिकेने ऐंशी दिवसांच्या पृथ्वीप्रदक्षिणेची कादंबरीही वाचलेली आहे आणि तिच्यावर स्वतंत्र परिच्छेद लिहिला आहे. परंतु त्या कादंबरीतही बुंदेलखंडच आहे, याचा तिला विसर पडला. १८७३ साली पुस्तकरूपाने आलेल्या या कादंबरीत फिलिअस फॉग मुंबईहून रेल्वेने निघतो आणि खोल्बी नावाच्या ठिकाणी येताच पुढे अलाहाबादपर्यंत सुमारे पन्नास मैल रूळच नाहीत असे त्याला कळते. तो दोन हजार पौंड मोजून हत्ती विकत घेतो. त्याच वाटेवर बुंदेलखंडाच्या वृद्ध राजाची तरुण विधवा औदा सती घातली जात असता फॉगची मंडळी तिची सुटका करतात, आणि त्यात मोठा वाटा फॉगचा फ्रेंच नोकर पासपार्तू याचा असतो.

आता नकाशे उतरविणाऱ्या व्यक्तीने येथे थांबावयास हवे होते. मुंबई आणि कलकत्ता यांना जोडणारा लोहमार्ग जबलपुराशी १८७० साली पूर्ण झाला होता. कादंबरीतील प्रवास १८७२ चा. म्हणजे ते पन्नास मैल प्रत्यक्षात रिकामे नव्हते; ते लेखकाने रिकामे केले. रेल्वेच्या वेळापत्रकाला साहस मानवत नाही, म्हणून कथेने रूळ उखडून तेथे अरण्य, हत्ती आणि चिता उभी केली. भारतात कधीही न आलेल्या व्हेर्नने त्या रिकाम्या जागेला नाव दिले ते बुंदेलखंडाचे. सतीची चाल कंपनी सरकारने १८२९ साली बंगाल इलाख्यात कायद्याने बंद केली आणि संस्थानांतून ती बंदी त्यानंतर क्रमाने आली. इंग्रजी अंमल पोचला नाही असा प्रदेश कथेला हवा होता, तो असा निर्माण करण्यात आला. पुढे दोनच वर्षांनी याच लेखकाने याच प्रदेशाला एक सुविद्य, शास्त्रज्ञ आणि इंग्रजी सत्तेचा हाडवैरी असा राजपुत्र दिला. एकाच नावाखाली एकदा सुटका करावयास इंग्रज गृहस्थ येतो, आणि दुसऱ्यांदा त्या इंग्रजांपासूनच सुटका हवी असलेला माणूस समुद्राच्या तळाशी जातो. या दोन चित्रांतील विसंगती हा व्हेर्नच्या, किंबहुना एकोणिसाव्या शतकातील सगळ्या साहसकादंबरीच्या, अभ्यासाचा मोठा विषय आहे. आणि त्याची किल्ली या विद्यार्थिनीच्या तिकिटांच्या वहीत होती.

यावर असा आक्षेप घेता येईल, की कादंबरी ही भूगोलाचे पुस्तक नव्हे. रूळ होते की नव्हते यावरून तिचे मोल ठरत नाही. हा आक्षेप तत्त्वतः मान्य आहे. व्हेर्नला खोटे पाडणे हा येथे उद्देशच नाही. कल्पिताने वास्तवात नेमकी कोठे जागा करून घेतली, हे पाहणे हा उद्देश आहे. आणि ती जागा दिसण्यासाठी वास्तवाची रेघ आधी ठाऊक असावी लागते. ही रेघ लेखिकेला तिच्या छंदाने दिली. साहसकादंबरी म्हणजे पलायन, असे जे सरसकट म्हटले जाते, त्याचेही उत्तर यातच आहे. पळून जाणारा वाचक वाटेत थांबून नकाशा काढीत नाही.

या प्रकारच्या कादंबरीचा आणि छंदाचा संबंध लेखनाच्या बाजूनेही जुनाच आहे. १८८१ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधील ब्रेमार येथे स्टीव्हन्सनने आपल्या सावत्र मुलाच्या सोबतीत, पावसाळी हवेत वेळ घालविण्यासाठी, एका काल्पनिक बेटाचा नकाशा रंगविला. त्या नकाशावरील नावे आणि खाड्या पाहतापाहता कथेतील माणसे त्याला दिसू लागली, आणि १८८३ साली पुस्तकरूपाने आलेली 'ट्रेझर आयलंड' ही कादंबरी त्यातून जन्मली. तेथे नकाशा आधी आला आणि कथा मागाहून. आमच्या विद्यार्थिनीने हीच वाट उलट दिशेने चालून पाहिली : कथेकडून ती नकाशाकडे गेली. प्रथमच्या भाषेत बोलावयाचे तर, तिला छंद लागलेला होता. त्या छंदाच्या बळावर तिने वाचनात एक साहस केले. ते अर्ध्यावर सोडले, एवढाच तिचा दोष.

(४)

हा दोष मात्र सर्वस्वी तिचा आहे असे म्हणता येत नाही. आपल्याला खरोखर काय आवडते हे सांगितले तर गुण कमी होतात, हा धडा विद्यार्थी फार लवकर शिकतो. मग तो आवडीच्या गोष्टीला उपयुक्ततेचे कपडे चढवून परीक्षकासमोर उभी करतो, आणि परीक्षक त्या कपड्यांना कंटाळून विषयालाच गौण ठरवितो. मराठी लघुनिबंधाने फडके, खांडेकर, काणेकर यांच्या हातून लहानसहान आवडींना साहित्यात मानाचे स्थान मिळवून दिले. त्याच लघुनिबंधाचा साचा शाळेत पोचला तेव्हा आवड मागे पडून साचा तेवढा उरला. पदव्युत्तर वर्गात तरी हा साचा मोडण्याची जबाबदारी विद्यार्थ्याइतकीच अध्यापकाची आहे.

या विवेचनाच्या आधारे पुढील सूचना विभागापुढे ठेवल्या आहेत. निबंधाचा दुसरा भाग गाळू नये. तो पहिल्या भागात मिसळावा. धाडसी वृत्ती, कल्पनाशक्ती आणि फावला वेळ यांविषयीची सर्व वाक्ये काढून टाकावीत. चरखारीच्या तिकिटापासून निबंध सुरू करावा, व्हेर्नचे दोन बुंदेलखंड शेजारी शेजारी मांडावेत, आणि औदेची सुटका जेथे झाली त्या पन्नास मैलांचा नकाशा लेखिकेने स्वतः उतरवून जोडावा. निबंध या सूचनांसह पुनर्लेखनासाठी परत देण्यात आला आहे.