शेरलॉक होम्सची चूक

शेरलॉक होम्सवर कोणी लिहू लागला म्हणजे ‘सिल्व्हर ब्लेझ’मधला तो न भुंकलेला कुत्रा हमखास पुढे येतो. कुत्र्याची योग्यता मोठी, यात शंका नाही. पण कॉनन डॉयलच्या ५६ लघुकथा आणि चार कादंबऱ्या यांतून घरातल्या मुलांच्या हाती एकच गोष्ट द्यायची झाली, तर मी ‘द यलो फेस’ देईन. १८९३ साली ‘स्ट्रँड’ मासिकात ती आली. तीत होम्स सपशेल चुकतो.

ग्रँट मन्रो हा सुखवस्तू व्यापारी. त्याची बायको एफी अटलांटाहून आलेली विधवा; पहिला नवरा आणि मूल दोघेही पीतज्वराने गेल्याचे तिने सांगितलेले. नॉरबरीला त्यांच्या घरासमोरच्या बंगलीत कोणी राहायला येते, खिडकीत एक निर्जीव, पिवळा चेहरा दिसतो, आणि एफी अपरात्री उठून चोरपावलांनी तिकडे जाऊ लागते. होम्स बसल्या जागी निकाल देऊन टाकतो : पहिला नवरा जिवंत आहे आणि तो धाक घालून हिच्याकडून पैसे उकळतो आहे. वॉटसन म्हणतो, हा सगळा तर्कच झाला. होम्सचे म्हणणे, सगळ्या गोष्टी त्यात बसतात ना!

‘अ स्कँडल इन बोहेमिया’त हाच गृहस्थ माहिती हाती येण्यापूर्वी सिद्धांत बांधू नये म्हणून वॉटसनला बजावतो. आणि येथे? बुद्धिमान माणसाला स्वतःचाच नियम मोडताना कसलाही आवाज ऐकू येत नाही.

बंगलीतले रहस्य मी फोडतो आहे. ज्यांनी कथा वाचली नसेल त्यांनी एवढा परिच्छेद सोडावा. पिवळा चेहरा हा मुखवटा असतो. त्यामागून खिदळत बाहेर येते एक काळी पोर. एफीचा पहिला नवरा कृष्णवर्णीय होता. तो खरोखरच वारला. मूल मात्र वाचले होते. नवरा आपल्याला टाकील या भयाने आईने स्वतःच्या पोटचे लेकरू लपवले. अपराध लपवणारी माणसे होम्सने पुष्कळ पाहिली होती. माया लपवणारी बाई त्याच्या हिशेबातच नव्हती. मन्रो बराच वेळ गप्प राहतो, मग मुलीला उचलून तिचा मुका घेतो आणि दुसरा हात बायकोपुढे करतो. होम्सकथांत इतका भरलेला क्षण मला दुसरा आढळला नाही.

डॉयलचे सगळेच गोड मानण्याचे कारण नाही. अटलांटा ज्या जॉर्जिया राज्यात आहे, तेथे त्या काळी असा विवाह कायद्याने निषिद्ध होता. कथेत त्याचा उल्लेखही नाही. आणि १९२६ सालच्या ‘द थ्री गेबल्स’मध्ये एका काळ्या माणसाशी होम्स ज्या हिणकसपणे बोलतो, ते वाचून हा तोच लेखक का, असे वाटते.

या कथेच्या आरंभी एक गंमत आहे. मन्रो आपली चिलीम विसरून जातो. ती उजव्या बाजूने करपलेली पाहून होम्स सांगतो, हा माणूस डावखुरा. हे वाचून मी मान डोलावली होती, आणि त्याच आठवड्यात एका मुलाचा घरून लिहून आणलेला निबंध माझ्या टेबलावर आला. अक्षर रोजचे नव्हे, उलट्या बाजूला झुकलेले. शाई ओळीभर फासलेली. मी भर वर्गात निदान केले : हे ताईचे अक्षर. मुलगा काही बोलला नाही. दोन दिवसांनी ताईच शाळेत आली. म्हणाली, “गुरुजी, तो घरी डाव्या हाताने लिहितो. शाळेत तुम्ही रागावता ना, म्हणून.”

ओल्या ओळीवरून डावा तळहात फिरला की शाई फासते. पुरावा माझ्यासमोर पसरलेला होता. आणि उजव्या हाताने लिही, हे जूनमध्ये मीच त्याला दरडावले होते.

कथेच्या शेवटी होम्स वॉटसनला विनवतो, की मला माझ्या बुद्धीचा फार गर्व झालेला दिसला तर कानात हळूच ‘नॉरबरी’ म्हण. माझ्यापाशी वॉटसन नाही. त्या मुलाची मी वर्गातच क्षमा मागितली. पुढचा निबंध त्याने माझ्यासमोर बसून डाव्या हाताने लिहिला. शाई फासलीच, आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या अकरा चुका निघाल्या.