बडीशेपेच्या काड्या आणि चौकशी अधिकाऱ्याचे प्रश्न

आजच्या व्याख्यानाच्या जाहिरातीत 'छुपे पेगन' असे शब्द होते, आणि गर्दी थोडी जास्त दिसते आहे ती बहुधा त्यामुळेच. मध्यरात्र, जंगल, गुप्त पूजा असं काही ऐकायला मिळेल म्हणून कोणी आलं असेल, तर मध्यरात्र नक्की मिळेल. जंगलाचं सांगता येत नाही. ही सगळी शेतकरी माणसं आहेत आणि त्यांची लढाई पिकासाठी आहे.

पुस्तक कार्लो गिन्झबर्ग या इटालियन इतिहासकाराचं. 1966 साली 'इ बेनान्दान्ती' या नावाने ते इटालियनमध्ये निघालं. तेव्हा लेखक सत्तावीस वर्षांचा होता. 1983 मध्ये 'द नाइट बॅटल्स' या नावाने ते इंग्रजीत आलं आणि जगभर वाचलं गेलं. आधी पेगन शब्दाचं थोडं सांगतो. लॅटिन 'पागानुस' म्हणजे गावाकडचा माणूस. ख्रिस्ती धर्म पसरला तसा जो ख्रिस्ती नाही, आणि ज्यूही नाही, त्या प्रत्येकाला हे नाव चिकटलं. म्हणजे हे नाव लोकांनी स्वतःला घेतलेलं नाही, दुसऱ्यांनी दिलेलं आहे. पुढे हे लागणार आहे, लक्षात ठेवा.

आता गोष्ट. इटलीच्या ईशान्य कोपऱ्यात फ्रिउली नावाचा मुलूख आहे. 1575 च्या मार्चमध्ये तिथला एक पाद्री चिव्हिदाले शहरातल्या धर्माधिकाऱ्यांपुढे येऊन सांगतो, की शेजारच्या गावात पाओलो गास्पारुत्तो नावाचा एक माणूस आहे. एका गिरणीवाल्याचं पोर आजारी होतं, तर हा म्हणाला की पोराला चेटकिणींनी धरलंय, मी बरं करतो. वर हेही म्हणाला, की आम्ही काही जण वर्षातून चार वेळा रात्री लढाईला जातो.

या लढायांचा तपशील पुढे पाच वर्षांनी, 1580 मध्ये, गास्पारुत्तो आणि बात्तिस्ता मोदुको या दोघांच्या जबानीतून बाहेर आला. मोदुको गावात दवंडी पिटणारा. काही बाळं जन्मतात तेव्हा डोक्यावर गर्भपिशवीचा पातळ पापुद्रा असतो. असं जन्मलेलं मूल मोठं झालं, वयाची विशी गाठली, की त्याला बोलावणं येतं. वर्षातून चार वेळा, ठरलेल्या गुरुवारी रात्री, शरीर अंथरुणात मेल्यासारखं पडून राहतं आणि आत्मा बाहेर पडतो. हे बेनान्दान्ती, म्हणजे भल्यासाठी जाणारे. त्यांच्या हातात बडीशेपेच्या काड्या. समोर चेटकिणी आणि चेटके, त्यांच्या हातात ज्वारीची धाटं. आपल्याकडच्या माणसाला इथे हसू येतं, ज्वारीच्या धाटांनी पोरं भांडतात ते आठवून. तिथे मात्र डाव मोठा होता. बेनान्दान्ती जिंकले तर वर्ष पिकाचं, हरले तर दुष्काळ.

आता मुद्दा. या माणसांना 'छुपे पेगन' म्हणणं सोपं आहे, आणि पुस्तकाचे पुष्कळ वाचक तेच म्हणतात. वरून ख्रिस्ती, आतून जुन्या सुगीच्या देवांचे. वरचा रंग खरवडला की खालचा दिसेल. माझं म्हणणं असं, की जबान्या नीट वाचल्या तर हे चित्र टिकत नाही.

पहिलं म्हणजे त्या चार रात्री कोणत्या? कॅथलिक चर्चच्या पंचांगात तेव्हा दर ऋतूला तीन दिवस उपवासाचे असत, बुधवार, शुक्रवार आणि शनिवार. बेनान्दान्तींची रात्र त्याच आठवड्यातली. म्हणजे लढाईची तिथी चर्चच ठरवून देतं! दुसरं, तो जन्माचा पापुद्रा. मोदुको सांगतो, की तो आपल्याबरोबर बाप्तिस्मा करून घेतलेला आहे, आणि रोममध्ये असताना आपण एका साधूकडून त्यावर अनेक मिस्सा म्हणवून घेतल्या. तिसरं, लढाई कोणासाठी? त्याचं उत्तर ठाम आहे: आम्ही ख्रिस्ताच्या बाजूचे, चेटकिणी सैतानाच्या. चर्चला फसवायला निघालेला माणूस आपली गुप्त वस्तू घेऊन रोमला कशाला जाईल?

मग ही माणसं गप्प का होती? कारण गप्प राहणं हा त्या कामाचाच नियम होता. कोण कोण येतं त्यांची नावं सांगायची नाहीत, सांगितलं तर मार बसतो. आपल्याकडेही व्रत घेतलं की काही गोष्टी बोलायच्या नसतात, मंत्र सांगायचा नसतो. ते मौन भीतीचं नसतं. आणि एरवी गास्पारुत्तो काही तोंड शिवून बसला नव्हता. गिरणीवाल्याला माहीत होतं, पाद्रीबुवांना त्याने स्वतःच सांगितलं. गावाला सगळं ठाऊक होतं, न्यायालयाला नव्हतं, एवढंच.

आणि आता त्या न्यायालयातला प्रसंग, जो माझ्या मते या पुस्तकाचा गाभा आहे. गास्पारुत्तो सांगतो, की रात्री बोलवायला एक देवदूत येतो, सोन्याचा, चर्चमधल्या वेदीवर असतात तसा. चौकशी अधिकारी विचारतात, त्याची तुम्ही पूजा करता का? तो म्हणतो हो, चर्चमध्ये येशूची करतो तशीच. हे उत्तर देताना आपण काही भयंकर बोलतोय याची त्याला पुसट जाणीवही नाही. मग पुढचा प्रश्न: हा देवदूत तुम्हाला त्या दुसऱ्याकडे नेतो का, जो सुंदर सिंहासनावर बसलेला असतो? सिंहासनाचा उल्लेख गास्पारुत्तोने केलेलाच नव्हता. ते सिंहासन चौकशी अधिकाऱ्यांच्या पुस्तकांतलं, चेटकिणींच्या मेळाव्यात सैतान बसतो ते. गास्पारुत्तो चमकतो. छे छे, तो आमच्यातला नव्हे, देव करो नि त्या शत्रूशी आमचा संबंध न येवो. सिंहासनं असतील ती चेटकिणींकडे.

पण प्रश्न थांबत नाहीत. शेवटी तो कबूल करतो, की तो देवदूत म्हणजे मला मोहात पाडणारा सैतानच असावा, कारण तुम्हीच सांगितलंत की सैतान देवदूताचं रूप घेऊ शकतो. 'तुम्हीच सांगितलंत', हे लक्षात घ्या. लेखनिकाने तेही इमानदारीने उतरवून घेतलं आहे. 1581 मध्ये दोघांना सहा महिन्यांची कैद सुनावली गेली आणि नंतर ती माफही झाली. शिक्षा म्हणाल तर किरकोळ. पण माणसाच्या आयुष्यातला देवदूत काढून घेतला गेला, त्याचं काय?

पुढच्या सत्तर वर्षांत हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. 1649 मध्ये मिकेले सोप्पे नावाचा बेनान्दान्ते सैतानाशी करार केल्याचं कबूल करतो. चेटकिणींशी लढणारे स्वतःच चेटके ठरले, आणि मुख्य म्हणजे स्वतःच्या तोंडाने. गिन्झबर्ग ही घसरण फार बारकाईने दाखवतात. कुठे एक शब्द बदलला, कुठे उत्तर देणारा अडखळला, कुठे लोक स्वतःच शेजाऱ्याच्या बेनान्दान्तेला चेटक्या म्हणायला लागले. इतकं संयमाने केलेलं वाचन मी इतिहासलेखनात फार थोड्या ठिकाणी पाहिलं आहे.

पण लेखकाबद्दल माझी एक तक्रार आहे. गिन्झबर्गना 'खालच्या थराची' ओढ फार. या श्रद्धांच्या मुळाशी प्राचीन कृषिपंथ आहे, असं ते इथे सुचवतात. पुढे 1989 च्या पुस्तकात तर धागा थेट युरेशियातल्या शमनांपर्यंत जातो. जाईलही, त्याचा पुरावा वेगळा तपासू. पण थर म्हटलं की एक वर आणि एक खाली आला, खालचा अस्सल आणि वरचा मुलामा आला. गास्पारुत्तोच्या मनात असे दोन थर होते याचा पुरावा जबान्यांत नाही. त्याचा सोनेरी देवदूत वेदीवरचाही होता आणि शेतावरचाही होता. चौकशी अधिकारी त्यात सैतान शोधत होते, आपला लेखक त्यात शमन शोधतो आहे. हेतू अर्थातच अगदी वेगळे. तरी गास्पारुत्तोला जे दिसलं ते पुरेसं नाही, हे दोघांनाही वाटतं. न्यायाधीशांच्या खांद्यावरून डोकावताना आपलं त्यांच्याशी काही साम्य आहे, या अस्वस्थतेबद्दल गिन्झबर्गनी पुढे स्वतः एक निबंध लिहिला. हा त्यांचा मोठेपणा.

इंग्लंडमध्ये याच ओढीतून एक नवा धर्मच उभा राहिला. मार्गारेट मरे या विदुषीने 1921 मध्ये मांडलं, की युरोपातल्या चेटकिणी म्हणजे ख्रिस्ती धर्माखाली गुपचूप टिकलेला जुना धर्म. 1951 मध्ये तिथला चेटूकविरोधी कायदा रद्द झाला आणि 1954 मध्ये जेराल्ड गार्डनरने पुस्तक लिहून जाहीर केलं, की तो धर्म अजून जिवंत आहे आणि मी त्यातलाच. प्रस्तावना मरेबाईंची. इतिहासकारांनी मरेंचा सिद्धान्त पुढे पार मोडून काढला. रोनाल्ड हटन यांचं 1999 चं 'द ट्रायम्फ ऑफ द मून' हे या बाबतीत वाचावं असं पुस्तक. ते नव्या पेगनांची टिंगल करत नाही. वंशावळ खोटी ठरली म्हणून श्रद्धा खोटी ठरत नाही, हे त्यांना कळतं.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं फ्रिउलीत आणि इंग्लंडात, आपला काय संबंध? संबंध गोव्याचा. तिथलं इन्क्विझिशन पोर्तुगीजांचं, फ्रिउलीतल्या रोमन इन्क्विझिशनहून वेगळं. 1560 ते 1812, मध्ये चार वर्षांचा खंड. अ. का. प्रियोळकरांचं पुस्तक पुष्कळांना माहीत असेल. 1736 च्या एप्रिलमध्ये या न्यायालयाने ख्रिस्ती झालेल्यांसाठी मनाईची एक लांबलचक यादी काढली. तुळस लावू नये, लग्नात ओव्या म्हणू नयेत, धोतर-चोळी नको, आणि मिठाशिवाय भात शिजवू नये. अळणी भात! तो शिजवणाऱ्या बाईला आपण दुसरा धर्म पाळतोय असं वाटलं असेल का? कदाचित सासूने शिकवलं तसं ती करत असेल. यादी निघाली त्या दिवशी तिच्या चुलीवरचा भात 'छुपा धर्म' झाला. त्यानंतर तिने तो दार लावून शिजवला असेल, तर ते दार कोणी लावायला लावलं?

इथे मला सावध राहायला हवं. गोव्यात जाणूनबुजून लपवणारेही होते. सक्तीने किंवा सोयीने धर्म बदलला आणि मन जुन्या देवात राहिलं, अशी माणसं होतीच, आणि त्यांचं लपवणं म्हणजे जिवाशी खेळ होता. त्यांना 'तुमचं सगळं एकच हो' असं म्हणणं हा त्यांचा अपमान होईल. माझं म्हणणं एवढंच, की एकाच कोठडीत ही दोन्ही तऱ्हेची माणसं होती आणि कागदावर ती एकसारखीच दिसतात.

जिथे प्रश्न मागे पडला तिथे काय झालं, तेही गोव्यातच दिसतं. कॅथलिक लग्नात आजही नारळाचा रस लावून 'रोस' होतो. शिरगावची लईराई आणि म्हापशाच्या चर्चमधली मिलाग्रीस सायबीण या बहिणी मानल्या जातात, सायबिणीच्या फेस्ताला हिंदूही तेल घेऊन जातात. चोरून नव्हे, रांग लावून. आपल्याकडे घरात तुळशीची माळ असते आणि बांधावर म्हसोबाही असतो, त्याला कोणी दुहेरी निष्ठा म्हणत नाही. विचारणारं कोणी नाही म्हणून.

विचारणारे अगदीच गेलेले नाहीत, बरं का. इंग्लंड-वेल्सच्या 2021 च्या जनगणनेत सुमारे 74,000 लोकांनी धर्म 'पेगन' असा लिहिला, 2011 मध्ये ते 57,000 होते. पण खूण एकाच चौकटीत करायची. रविवारी चर्चला जाणारी आणि अयनदिनी अंगणात दिवा लावणारी बाई या आकड्यात कुठे आहे? 'ख्रिस्ती'मध्ये असेल, 'पेगन'मध्ये असेल, किंवा प्रश्नच सोडून दिला असेल. तो प्रश्न ऐच्छिक आहे, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

वेळ होत आलीय. एक प्रश्न घेतो. मागून विचारताहेत, की अशा बाईने आपल्या पाद्रीबुवांना सांगून टाकावं की नाही?

मी कोण सांगणार? पण कोण विचारतंय आणि उत्तराचं तो काय करणार आहे, हे तिने पाहावं. सांगितलं आणि चर्चमधल्या मैत्रिणी तुटल्या, मुलांच्या बाप्तिस्म्याला अडचण आली, असं होऊ शकतं. नाही सांगितलं तर रोज थोडं थोडं जपून बोलावं लागतं, तेही सोपं नसतं. आणि जो कोणी तिला 'तू खरी कोणाची?' असं विचारेल, त्याला उत्तर द्यायची घाई करू नये. गास्पारुत्तोने पहिल्या दिवशी न्यायालयात सगळं नाकारलं होतं, दुसऱ्या दिवशी बोलला. त्या मधल्या रात्री तो काय विचार करत होता, ते कोणत्याच कागदावर नाही.