अश्वशिक्षेच्या पायऱ्या व नामसाम्याचा भ्रम

अमरकोशांत घोड्याच्या पांच ‘धारा’, म्हणजे गति, दिल्या आहेत. त्यांत आस्कंदित पहिली. हेमचंद्राच्या अभिधानचिंतामणींत तीच उत्तेरित ह्या नांवानें शेवटीं येते. केवळ अनुक्रमावरून दोन कोशांतील धारा जुळविणारा फसलाच म्हणून समजावें.

‘ड्रेसाज’ ह्या आजच्या अश्वशिक्षा-स्पर्धेच्या विवेचनांतही हाच धोका आहे. जर्मनींत ई, ए, एल, एम, एस अशा पायऱ्या, इंग्लंडांत ‘प्रिलिमिनरी’पासून ‘अ‍ॅडव्हान्स्ड’पर्यंत, अमेरिकेंत ‘ट्रेनिंग’ व पुढें पहिली ते चौथी. जर्मन ‘एम’चा अर्थ मध्यम-कठीण, म्हणून ती इंग्रजी ‘मीडियम’शीं समान मानण्याचा मोह होतो. परंतु दौडींत चारही पाय अधांतरीं असतां आघाडीचा पाय पालटण्याची क्रिया जर्मनींत ‘एम’मध्यें, अमेरिकेंत तिसऱ्या पायरीवर, आणि इंग्लंडांत ‘मीडियम’च्याही वर, ‘अ‍ॅडव्हान्स्ड मीडियम’मध्यें येते. सबब नांव नव्हे, क्रिया हीच कसोटी.

आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा संघाच्या परीक्षा सर्व देशांस एकच. तरी त्यांतही पायऱ्या आहेत. २०२३ सालीं हांगझोच्या आशियाई खेळांत भारतीय संघानें सुवर्णपदक मिळविलें तें ‘प्री सेंट जॉर्ज’ परीक्षेंत; मुंबईचे हृदय छेडा त्या संघांत होते. २०२४ सालीं पॅरिस ऑलिंपिकांत अनुष अगरवाला उतरले ते ‘ग्रां प्री’ ह्या सर्वोच्च परीक्षेंत. ह्या दोहोंचे गुण एका मापानें तोलणें अशास्त्रीय होय.

पोथीसंग्राहकांस विनंती इतकीच कीं, अश्वशास्त्राच्या पोथींत धारांचा क्रम निराळा आढळल्यास तो लेखकप्रमाद समजून अमराप्रमाणें ‘शुद्ध’ करूं नये. एखाद्या लुप्त शिक्षापरंपरेचा तेवढाच पुरावा उरलेला असावयाचा.

भिवंडी.